धातूवरील तापरंग आणि प्रतिकृतिकाराचा कुंचला

पोलादाची घासून उजळलेली पट्टी एका टोकाशी मंद आचेवर धरली, तर थोड्याच वेळात तिच्यावर रंगांचे पट्टे उमटू लागतात. प्रथम वाळक्या गवतासारखा फिकट पिवळा, मग सोनेरी, त्यामागून तपकिरी, जांभळा आणि अखेरीस गडद निळा असे हे रंग एकामागून एक पट्टीच्या थंड टोकाकडे सरकत जातात. पट्टी आचेवरून काढून निववली तरी ते नाहीसे होत नाहीत. स्वयंपाकघरातील स्टीलच्या पातेल्याच्या बुडाशी, मोटारसायकलच्या धूरनळीवर, वेल्डिंगच्या सांध्याच्या दोन्ही अंगांस आणि जेट विमानाच्या शेपटीकडील पत्र्यावर हेच रंग दिसतात. धातू तापल्याने त्यावर राहिलेल्या या रंगांना येथे तापरंग म्हटले आहे.

विमाने, आगगाड्या, मोटारी यांच्या लहान प्रतिकृती करणारे कारागीर आणि हौशी मंडळी हे तापरंग कुंचल्याने साधण्याचा प्रयत्न करतात. प्लॅस्टिकच्या चार अंगुळे लांबीच्या नळीवर तापलेल्या पोलादाचा भास उत्पन्न करणे, हे या कलेतील कठीण कामांपैकी एक मानले जाते. पुष्कळदा पिवळा, हिरवा, गुलाबी, निळा असे भडक पट्टे एकाशेजारी एक ओढले जातात आणि पाहणाऱ्यास ती नळी तापलेली न वाटता रंगविलेली वाटते. असे का होते याचे उत्तर हस्तकौशल्याच्या उणिवेत क्वचितच सापडते. तापरंगांच्या मागे भौतिकशास्त्राचा एक निश्चित नियम आहे. तो ध्यानात आला, म्हणजे कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी येईल, कोणता मुळीच येणार नाही आणि पट्टा किती रुंद असेल, हे सारे आपोआप ठरते.

रंग येतो कोठून?

तापलेले लोखंड भट्टीत लाल दिसते, त्या लालीशी तापरंगांचा काही संबंध नाही. ती लाली म्हणजे तप्त वस्तूने स्वतः बाहेर टाकलेला प्रकाश होय. ती सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे दिसू लागते आणि वस्तू निवताच मावळते. तापरंग त्याहून बऱ्याच कमी तापमानास उमटतात आणि कायम राहतात. शिवाय ते पाहण्यास बाहेरचा उजेड लागतो. अंधारात ते दिसत नाहीत.

धातू हवेत तापला, की त्याच्या पृष्ठभागाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइडचे एक अत्यंत पातळ पटल तयार होते. हे पटल बव्हंशी पारदर्शक असते. त्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पटलाच्या वरच्या पृष्ठावरून परततो, तर काही भाग आत शिरून खालच्या धातूवरून परततो. या दोन प्रकाशलहरी पुन्हा एकत्र येतात, तेव्हा दुसरी लहर पटलाची जाडी दोन वेळा ओलांडून आल्यामुळे किंचित मागे पडलेली असते. ज्या रंगाच्या बाबतीत एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटाशी जुळतो, तो रंग क्षीण होतो. पांढऱ्या प्रकाशातून तो रंग वजा झाला, म्हणजे उरलेल्या प्रकाशाचा रंग डोळ्यांस दिसतो. या घटनेस व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावरील आणि ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावरील रंगांचे कारणही हेच आहे.

अशा पातळ पटलांच्या रंगांकडे रॉबर्ट हूक यांनी १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात लक्ष वेधले होते. अभ्रकाच्या पापुद्र्यांबरोबर पाणी दिलेल्या पोलादाचाही त्यांनी तेथे विचार केला आहे. न्यूटन यांनी पटलाची जाडी आणि रंग यांचा संबंध मोजमापाने दाखविला, तर १८०१ साली टॉमस यंग यांनी प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचे तत्त्व मांडून त्याचे कारण स्पष्ट केले. पोलादाच्या बाबतीत मात्र शंका पुढेही राहिली. १९२२ साली कलकत्त्यात संशोधन करीत असलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पोलादाच्या तापरंगांविषयी टिपण लिहिले. केवळ पातळ पटलाच्या कल्पनेने सर्व निरीक्षणांचा उलगडा होतो काय, हा त्या काळी चर्चेचा विषय होता. १९२५ साली केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी धातूंवरील पटलांच्या रंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पटलाच्या व्यतिकरणाची बाजू बळकट झाली.

या पटलाची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. पोलादावरील पटल सुमारे ४० नॅनोमीटरचे झाले, की प्रकाशातील जांभळा-निळा भाग क्षीण होतो आणि धातू पिवळसर दिसतो. पटल आणखी वाढून सुमारे ५० नॅनोमीटरचे झाले, की हिरवा भाग लोपतो; तांबडा व निळा उरल्याने जांभळी छटा येते. सुमारे ६० नॅनोमीटरला नारिंगी-तांबडा भाग लोपून निळा रंग उरतो. म्हणजे फिकट पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंतचा सारा प्रवास मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतक्या वाढीत पुरा होतो. दिसणारा रंग ही एका अर्थी जाडीची मोजपट्टीच होय.

लोहाराचे तापमापक

कारण ठाऊक होण्यापूर्वी कित्येक शतके कारागिरांनी या मोजपट्टीचा उपयोग केला. लाल तापवून पाण्यात बुडविलेले पोलाद कठीण होते खरे, पण ते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवून त्याचा कठीणपणा बेताने उतरवावा लागतो. किती उतरवावा हे लोहार रंगावरून ठरवितो. ‘हत्याराला पाणी देणे’ या शब्दप्रयोगात जे कसब सामावले आहे, त्याचा एक मोठा भाग म्हणजे रंग ओळखणारी नजर होय.

साध्या कार्बन-पोलादासाठी हे कोष्टक साधारणपणे असे सांगता येईल: सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट गवती रंग येतो, वस्तऱ्याची पाती व खरवडण्याची हत्यारे येथे थांबवितात. सुमारे २४० अंशांना गडद गवती, २६० च्या आसपास तपकिरी. हा रंग छिद्रे पाडण्याच्या ड्रिलसाठी योग्य. २८० च्या सुमारास जांभळा; तो छिन्नीचा रंग. ३०० च्या सुमारास गडद निळा. तो स्प्रिंगचा आणि पेचकसाचा. त्यापुढे फिकट निळा येतो व अखेरीस करडेपणा पसरतो. छिन्नी गवती रंगावरच पाण्यात टाकली, तर पहिल्या घावास तिची धार तुटून उडण्याचा संभव असतो. निळ्याच्या पुढे जाऊ दिली, तर ती वाकते. काही क्षणांच्या अंतराने बदलणाऱ्या छटेवर हत्याराची उपयुक्तता आणि कधी कधी कारागिराचा डोळाही अवलंबून असे.

या कोष्टकात काळाचाही वाटा आहे. तापमान तेच ठेवून पट्टी अधिक वेळ तापवीत राहिल्यास पटल जाड होत जाते आणि रंग पुढच्या छटेकडे सरकतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या यंत्राचा भाग आणि नुकताच एकदा चालविलेला भाग यांचे रंग यामुळे भिन्न दिसतात.

धातू बदलला, की तापमान बदलते

रंगांचा क्रम बहुतेक धातूंवर सारखा भासतो, पण तो ज्या तापमानास येतो ते धातूनुसार बदलते. गंजरोधक पोलादावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलवर, क्रोमियममुळे पटलाची वाढ मंद असते. त्यावर फिकट पिवळा रंग येण्यास सुमारे २९० अंश आणि निळा येण्यास सुमारे ५४० अंश तापमान लागते. साध्या पोलादावर जो निळा ३०० अंशांची खूण आहे, तोच येथे त्याच्या पाऊणपट अधिक तापमानाची खूण ठरतो.

टायटेनियमचे पटल अधिक जाड होऊनही पारदर्शक राहते. त्यामुळे निळ्यानंतर करडेपणा न येता फिकट निळा, पुन्हा पिवळा, गुलाबी आणि हिरवा अशी दुसरी मालिका दिसू शकते. या धातूवर उष्णतेवाचूनही रंग आणता येतात. योग्य द्रावणात बुडवून त्यातून विजेचा प्रवाह सोडला, की विद्युत्-दाबाच्या प्रमाणात पटल वाढते: सुमारे १० ते १५ व्होल्टला सोनेरी, ३० च्या आसपास निळा, शंभराच्या जवळपास हिरवा. रंग पटलाच्या जाडीने ठरतो, उष्णता हे पटल वाढण्याचे केवळ एक निमित्त आहे, याचा याहून सुबोध पुरावा क्वचितच मिळेल.

प्रतिकृती रंगविण्यापूर्वी म्हणून पहिला प्रश्न असा, की मूळ यंत्राचा तो भाग कोणत्या धातूचा आहे? ओतीव लोखंडाच्या धूरनळीवर तापरंग टिकत नाहीत. तेथे तपकिरी गंज चढतो. जुन्या पिस्टन-इंजिनाच्या विमानांच्या पंखांवर जे फिकट करडे ओघळ दिसतात, ते इंधनात मिसळलेल्या शिशाच्या संयुगांचे असतात, तर काळे डाग काजळीचे. हे निक्षेप धातूवर बाहेरून येऊन बसलेले असतात व धातूची चमक झाकून टाकतात. तापरंग मात्र चमकेसहित दिसतो. दोन्हींसाठी एकच रीत वापरणे ही वारंवार होणारी चूक आहे.

हिरव्या रंगाची अडचण

चित्रकाराच्या पेटीतील रंगांचा नियम आणि पटलाच्या रंगांचा नियम हे एकमेकांपासून ज्या ठिकाणी दूर जातात, तेथेच बहुतेक प्रतिकृती फसतात. पोलादावर पिवळ्यापासून निळ्याकडे जाणारी वाट जांभळ्यातून जाते. तेथे हिरवा कोठेही लागत नाही. जाडी वाढत असता लोपणारा भाग जांभळ्या टोकाकडून तांबड्या टोकाकडे सरकत जातो. मधला हिरवा ज्या वेळी लोपतो, नेमका त्याच वेळी पिवळा संपून निळा सुरू होत असतो. हिरवा उरावयाचा, तर निळा व तांबडा हे दोन्ही एकाच वेळी लोपले पाहिजेत. आणि ते टायटेनियमवरील जाड पटलातच शक्य होते.

रंगपेटीत याच्या उलट घडते. पारदर्शक पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो, पारदर्शक निळा रंग तांबडा शोषून घेतो. एकावर दुसरा चढविला, की दोहोंतून सुटलेला हिरवा तेवढा उरतो. म्हणून पिवळ्याच्या कडेवर सरळ निळा फवारला, की मध्ये हिरवी रेघ उमटते आणि पोलादाचा भास तत्क्षणी नाहीसा होतो. पाहणाऱ्यास कारण सांगता येत नाही. परंतु पातेल्याच्या बुडावर आणि धूरनळीवर जे त्याने शेकडो वेळा पाहिले आहे, त्याच्याशी हे जुळत नाही, एवढे त्याच्या डोळ्यांस कळते. उपाय सोपा आहे. पिवळा व निळा यांची कधीही भेट होऊ देऊ नये. मध्ये तपकिरी व जांभळ्याचा पट्टा असावा आणि प्रत्येक रंगाने केवळ आपल्या लगतच्या रंगावर कड चढवावी.

प्रमाण कशाला लागू होते?

प्रतिकृतींची प्रमाणे ठरलेली असतात. १:७२ हे प्रमाण सहा फुटांस एक इंच, तर १:४८ हे चार फुटांस एक इंच या हिशेबातून आले आहे. मोटारसायकलींसाठी १:१२ हे प्रमाण पुष्कळ वापरतात. तापरंगांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये: पट्ट्याची रुंदी प्रमाणानुसार लहान होते, रंगाचा क्रम तसाच राहतो.

वेल्डिंगच्या सांध्याशेजारी तापमान फार झपाट्याने उतरते, म्हणून तेथील सर्व रंगांचे पट्टे मिळून एखाद्या सेंटिमीटरात सामावतात. १:१२ च्या प्रतिकृतीत तो सेंटिमीटर ०.८ मिलिमीटर होतो. कुशल हात तेथे दोन-तीन छटा सुचवू शकतो. १:४८ मध्ये तो ०.२ मिलिमीटर आणि १:७२ मध्ये अवघा ०.१४ मिलिमीटर होतो. तेथे रंग वेगळे दाखविण्याचा आग्रह सोडून सांध्यावर धूसर तपकिरी रेघ ओढणे अधिक सत्याला धरून होते. याउलट विमानाच्या शेपटीकडील पत्रा आतून तापतो तेव्हा उतार मंद असतो आणि पट्टा सहज ३० सेंटिमीटर रुंद असू शकतो. १:७२ मध्ये तो सुमारे ४ मिलिमीटर, तर १:४८ मध्ये सुमारे ६ मिलिमीटर येतो. येथे सर्व छटांना वाव आहे. रंगविण्यास बसण्यापूर्वी मूळ यंत्राच्या छायाचित्रावरून पट्ट्याची रुंदी अजमावून तिला प्रमाणाने भागावे, हा पाच मिनिटांचा हिशेब पुढील कित्येक तासांची मेहनत वाचवितो.

रंगकामाची रीत

खरा तापरंग म्हणजे चकाकत्या धातूवरील पारदर्शक पटल. कुंचल्यानेही तीच रचना उभी करावयाची असते: खाली धातूची चमक, वर पारदर्शक रंगाचा पातळ थर. अपारदर्शक निळा लावला, की धातू झाकला जातो आणि निळ्या रंगाची नळी तेवढी उरते.

प्रथम प्लॅस्टिकचा भाग बारीक पॉलिश पेपरने ओला घासून निर्दोष करतात, कारण धातूचा रंग प्रत्येक ओरखडा उघडा पाडतो. त्यावर चकचकीत काळ्या रंगाचा थर देऊन तो पूर्ण वाळू देतात. त्यानंतर हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा उडविणारे साधन, ज्यास एअरब्रश म्हणतात, त्याने धातुरंगाचे अतिशय विरळ थर देतात. धातुरंगातील चूर्ण जितके बारीक, तितका धातूचा भास अधिक खरा. भरड चूर्णाचे कण प्रतिकृतीच्या प्रमाणात खड्यांएवढे दिसू लागतात.

तापरंगांसाठी पारदर्शक पिवळा, नारिंगी, तांबडा, निळा आणि धुरकट तपकिरी हे पाच रंग पुरेसे होतात. ते नेहमीपेक्षा पुष्कळ पातळ करावे. रंगाच्या दुप्पट-तिप्पट थिनर घालण्यास हरकत नसते. एअरब्रशचे तोंड ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असावा. थंड बाजूकडून प्रारंभ करून प्रथम पिवळ्याचा पुसट फवारा द्यावा आणि तो तप्त भागापर्यंत नेऊ नये. त्याच्या आतील कडेवर नारिंगी व धुरकट तपकिरीचे मिश्रण, त्याच्या आतील कडेवर तांबडा व निळा मिळून झालेला जांभळा, आणि त्यापुढे उघड्या धातूवर निळा, असा क्रम ठेवावा. सर्वांत तप्त जागी निळाही विरत जाऊन करडेपणा येतो. तेथे धुरकट रंगाची एखादी झुळूक पुरे. प्रत्येक थरानंतर थांबून उजेडात पाहावे. पारदर्शक रंग प्रकाश केवळ वजा करतो; अधिक चढलेला थर वरून रंग देऊन फिका करता येत नाही.

पट्ट्यांच्या कडा मऊ असाव्यात, कारण धातूतील उष्णता हळूहळू उतरते. मात्र दोन निराळे पत्रे जेथे जुळतात, तेथे रंग एकदम तुटू शकतो. तशा जागी चिकटपट्टी लावून एक पत्रा झाकावा आणि दुसरा रंगवावा. मऊ पण मर्यादित कड हवी असल्यास कागदाचा तुकडा पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटर वर धरून फवारा द्यावा. एअरब्रश नसेल, तर रंगीत खडू पॉलिश पेपरवर घासून त्यांची पूड मऊ कुंचल्याने चोळता येते. शेवटी वरून मंद वार्निश देण्याचा मोह टाळावा. त्याने चमक मरते आणि तिच्याबरोबर सारा भास जातो.

प्रत्यक्ष प्रतिकृतीस हात लावण्यापूर्वी वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर सर्व क्रम करून पाहणे श्रेयस्कर होय. चमच्याचा फुगीर भाग नळीसारखाच उजेड परतवितो. लॅकर व थिनर यांची वाफ आरोग्यास अपायकारक आणि ज्वालाग्राही असते. खिडकी उघडी ठेवून, योग्य मुखवटा लावून आणि आगीपासून दूर बसूनच हे काम करावे.

एक मार्ग याहून सरळ भासतो: खऱ्या पोलादाची बारीक नळी वापरून ती ज्योतीवर तापविणे. पटलाची जाडी प्रमाणाने बदलत नसल्याने तिच्यावर उमटणारा रंग मूळ यंत्रावरील रंगच असतो. परंतु प्रतिकृतींचे नेहमीचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, सुमारे १०० अंशांस मऊ पडते. म्हणून असा भाग वेगळा तापवून पूर्ण निवल्यावरच जोडावा लागतो आणि पट्टा हव्या त्या जागी रोखणे लोहाराइतकेच कठीण जाते. तथापि शिकण्यासाठी हा प्रयोग अमोल आहे. पोलादी पट्टीचा तुकडा उजळून, पकडीत धरून, त्याचे एक टोक मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली गॅसच्या ज्योतीवर तापवावे आणि पुढे सरकणारे पट्टे पाहावेत. रंगांचा जो क्रम पुस्तकातून पाठ करावा लागतो, तो येथे एका मिनिटात डोळ्यांत ठसतो.

एक उदाहरण: सुपर सेबर

२५ मे १९५३ रोजी अमेरिकेत एफ-१०० सुपर सेबर या विमानाने पहिले उड्डाण केले. समपातळीत उडत असता ध्वनीचा वेग ओलांडू शकणारे अमेरिकन वायुदलाचे हे पहिले लढाऊ विमान होय. त्याच्या जे-५७ इंजिनास पश्चज्वालक जोडलेला होता. म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वायूत पुन्हा इंधन जाळून जोर वाढविण्याची सोय होती. या ज्वालेभोवतीचा शेपटीकडील पत्रा इतका तापे, की तेथे रंग टिकत नसे. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात ही विमाने हिरव्या-तपकिरी छद्मरंगात रंगविली गेली, तरी हा मागचा भाग उघड्या धातूचाच ठेवला जाई.

त्या भागावर निळ्या, जांभळ्या, तपकिरी आणि सोनेरी छटांचे जे ठिगळ दिसते, त्याने या विमानाची प्रतिकृती करणारांस दीर्घ काळ आव्हान दिले आहे. त्याचे वाचन मात्र वर सांगितलेल्या नियमांनीच होते. पत्र्याच्या आत जेथे सांगाड्याच्या चौकटी टेकतात, तेथे उष्णता त्या चौकटींत ओढली जाते; जेथे थंड हवा खेळते, तेथे पत्रा कमी तापतो. म्हणून रंगांच्या सीमा चौकटींना आणि पत्र्यांच्या जोडांना धरून जातात. बाहेरून दिसणारी ही चित्रविचित्रता आतील सांगाड्याचा जणू नकाशाच असते. ज्या कारागिरास आतील चौकटी ठाऊक आहेत, त्याचे पट्टे योग्य जागी पडतात. ज्यास त्या ठाऊक नाहीत, त्याची नक्षी कितीही मोहक असली तरी कोणत्याही विमानाची नसते.

भारतातही हा विषय दूरचा नाही. भारतीय वायुसेनेत १९६३ साली दाखल झालेले मिग-२१ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निवृत्त झाले. त्यासही पश्चज्वालक होता आणि शेपटीच्या टोकाशी उघड्या धातूचे कडे होते. उडते विमान आता दिसणार नाही. संग्रहालयांतील विमाने वरचेवर नव्याने रंगविली जातात आणि त्यांच्यावरील तापरंग घासले वा झाकले जातात. काही काळाने ते यंत्र वापरात असता कसे दिसे, हे सांगण्यास छायाचित्रांबरोबर प्रतिकृतीच उरतील.

रंगाची साक्ष

येथेच या लहानशा कलेचे खरे महत्त्व आहे. यंत्रशाळेत तापरंग हा शोभेचा विषय नाही. टायटेनियमच्या सांध्याची परीक्षा करणारा निरीक्षक आधी रंग पाहतो. चंदेरी सांधा निर्दोष, गवती छटा बहुधा चालते, निळा संशयास्पद, आणि पांढरी भुकटी सुटत असेल, तर सांधा नाकारला जातो. तप्त धातूवर आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचे आवरण नीट नव्हते, त्यात हवा शिरली आणि धातू ठिसूळ झाला, असा त्याचा अर्थ होतो. गंजरोधक पोलादाच्या सांध्याशी निळा रंग राहिला, तर त्या पटलात खालचे क्रोमियम ओढले गेलेले असते आणि तेथे गंज धरण्याचे भय असते; म्हणून तो रंग आम्लाने वा घासून काढून टाकतात. धातूच्या नमुन्यातील तडा किती खोल गेला होता हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत तो नमुना मुद्दाम तापवितात. तड्याचे पृष्ठ रंगते, नंतर नमुना मोडला की न रंगलेला नवा भाग त्याहून वेगळा ओळखू येतो. अपघातात सापडलेल्या यंत्राचा कोणता भाग किती तापला होता, याचाही अंदाज रंगावरून बांधता येतो.

अशा रीतीने तापरंग ही धातूच्या पूर्वायुष्याची नोंद आहे. प्रतिकृतीवर तो चुकीच्या जागी वा चुकीच्या क्रमाने काढणे म्हणजे न घडलेली घटना त्या नोंदीत घुसडणे होय. निर्दोष सांध्याभोवती इंद्रधनुष्य रंगविणारा अजाणता त्या सांध्यात दोष दाखवीत असतो. संग्रहालयात ती प्रतिकृती पाहून शिकणारा विद्यार्थी तोच दोष सत्य म्हणून घरी नेतो. याउलट नियम जाणून रंगविलेली नळी, हाताच्या पंजात मावणारी असली, तरी मूळ यंत्र कोठे किती तापले, कोणत्या धातूचे होते आणि त्याची उष्णता कोणत्या वाटेने बाहेर गेली, हे जाणत्या डोळ्यास सांगू शकते.

लोहाराने जो क्रम नजरेने ओळखला, तोच पुढे प्रयोगशाळेत मोजला गेला. कुंचला हाती घेणाऱ्यास या दोहोंचाही वारसा उपलब्ध आहे. त्याने धातूची चमक राखावी, रंगांचा क्रम मोडू नये, पिवळ्या-निळ्याच्या मध्ये जांभळ्यास जागा द्यावी आणि उष्णता कोठून कोठे जाते याचा प्रथम विचार करावा. एवढे पथ्य पाळले, तर प्लॅस्टिकच्या तुकड्यावरही पोलादाचा भास खरा उतरेल.